कानाची तसबीर

"घरी कानात काय काय टाकलं?"

छत्तीसगडमधल्या दुर्गच्या ज्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं नोकरी केली, तिथे लेकरू घेऊन आलेल्या प्रत्येक आईला माझा हा पहिला प्रश्न असायचा. "काही टाकलं का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "नाही सिस्टर, काहीच नाही." "काय काय टाकलं?" म्हटलं की बाई गडबडते आणि खरं सांगून मोकळी होते. लसूण घालून कडकडवलेलं तेल, कांद्याचा रस, तुळशीचा रस, बाळंतिणीचं दूध. अहिवाऱ्याकडचे एक आजोबा कागदाची नळी करून नातवाच्या कानात बिडीचा धूर फुंकायचे. फरक पडतो का, असं मी विचारलं तर म्हणाले, "लेकरू हासते न जी." एका मुलाच्या कानात चण्याची डाळ गेली होती आणि ती वाहून बाहेर यावी म्हणून आईनं वरून पाणी ओतलं. डाळीनं तिचा धर्म पाळला आणि ती फुगली. ती काढताना डॉक्टरसाहेबांच्या कपाळावर जो घाम आला तो मोठ्या ऑपरेशनलाही कधी पाहिला नाही.

मला या बायांचं हसू यायचं, पण फार नाही. माझ्या आईनं गोंदियाला माझ्या कानात हेच लसणाचं तेल घातलेलं आहे. रडणारं लेकरू मांडीवर असलं की हात आपोआप तेलाच्या बुधलीकडे जातो. काहीतरी केल्याचं समाधान आईला मिळतं आणि लेकराला मांडी मिळते. कानाला मात्र त्यातलं काही मिळत नाही.

कारण सर्दीनं बंद झालेला कान बाहेरून बंद झालेलाच नसतो. कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते आणि तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. आपण गिळतो, जांभई देतो, तेव्हा ती नळी क्षणभर उघडते आणि आत हवा जाते. मोठ्यांची नळी उतरती असते, लहान मुलांची आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली की ती सुजते, मिटते आणि आतली हवा हळूहळू संपते. गरम भाजीच्या डब्याला लगेच झाकण लावलं की गार झाल्यावर ते कसं आत ओढून घट्ट बसतं, तसा पडदा आत ओढला जातो. मग मागे पाणी साचतं आणि बरेच दिवस राहिलं तर ते गोंदासारखं चिकट होतं. तेल पडद्याच्या अलीकडे, पाणी पडद्याच्या पलीकडे. दोघांची भेट होत नाही. हे मी हजारो वेळा सांगितलं असेल, आणि पटकन समजावं म्हणून कानाचं एक मोठं रंगीत चित्र काच लावून फ्रेम करून घेतलं होतं. त्या तसबिरीचा मला फार अभिमान होता. आज जे सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच आहे.

दवाखान्यात ऐकू येण्याची तपासणी माझ्याकडे होती. त्यासाठी एक लाकडी कॅबिन, आतून जाड कापसाची, बाहेरचा आवाज आत जाऊ न देणारी. माणूस आत बसतो, कानावर हेडफोन, हातात बटन. मी बाहेर मशीनपाशी, आमच्या दोघांमध्ये काचेची खिडकी. मी कळ दाबून बारीकसा सूर सोडायचा, त्याला ऐकू आला की त्यानं बटन दाबायचं, की माझ्या मशीनवर हिरवा दिवा लागतो. सूर लहान लहान करत जायचं आणि दिवा लागणं कुठे थांबतं ते कागदावर मांडायचं. माझा हात दिसू नये म्हणून आतली खुर्ची आडवी ठेवलेली होती, खिडकी बसणाऱ्याच्या डाव्या हाताला यायची. उजव्या हाताची भिंत मोकळी होती. तिथे मी माझी तसबीर लावली.

इंडस्ट्रियल एरियातल्या लहान-मोठ्या रोलिंग मिलमधली माणसं वर्षातून एकदा तपासणीला यायची. लोखंड दाबून सळ्या काढणाऱ्या त्या मिलचा आवाज असा असतो की शेजारच्याशी हातवाऱ्यांनी बोलावं लागतं. कान गेला असं कागदावर आलं की माणसाला लाइनवरून काढून गेटवर नाहीतर साफसफाईवर टाकतात. लाइनवरच्या माणसाला तो मोठाच अपमान. तर ही माणसं कॅबिनमध्ये बसली की उजवीकडे वळून माझी तसबीर एकटक पाहत राहायची. मला वाटायचं, पहा, किती शिकायची हौस आहे. डॉक्टरसाहेबांना मी कौतुकानं सांगितलंसुद्धा होतं, की शाळेतल्या पोरांपेक्षा मिलवाल्यांना कानाची जास्त उत्सुकता.

रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. आमचे हे रेल्वेत होते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, मी शेजारच्या भिलाईतल्या स्मृति नगरच्या आमच्या घरात एकटी राहते. मागच्या गल्लीत भाड्यानं एक कुटुंब आलं. गजाननभाऊ महाराष्ट्रातल्या तुमसरकडचे, घरची थोडी शेती भावाकडे सोडून इकडे मिलमध्ये लागलेले. बायको वनिता, आणि एकच मुलगी, पिहू, दुसरीत. दिवाळीनंतरच्या सर्दीनं पिहूचे कान बंद झाले म्हणून वनिता तिला दवाखान्यात घेऊन आली. माझा नेहमीचा प्रश्न झाला. लसणाचं तेल, दोन वेळा.

डॉक्टरसाहेबांनी दुर्बिणीनं पाहिलं आणि दोन्ही पडद्यांमागे पाणी असल्याचं सांगितलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, बहुतेक मुलांचं आपोआप ओसरतं. घरी करायचं ते मी वनिताला समजावलं. नाक मोकळं ठेव, मेडिकलमधून मिठाच्या पाण्याचे थेंब आण, घोट घोट पाणी पाजत राहा, दुखलं तर कोमट फडक्यानं बाहेरून शेक दे. वाफेचं पातेलं लेकरासमोर ठेवू नको, भाजून येणारी लेकरं आम्ही पाहिलीत. ताप चढला, कान वाहिला किंवा कानामागे सूज आली तर थांबू नको, लगेच ये. नाहीतर दीड महिन्यानं ऐकण्याची तपासणी करू. घरी बोललेलं तिला ऐकू येतं का, हेही मी विचारलं. वनिता म्हणाली, हो, सगळं ऐकू येतं. मी कागदावर तसं लिहून टाकलं.

दीड महिन्यानं तिला गजाननभाऊ घेऊन आले, वनिता कुठल्याशा लग्नाला माहेरी गेलेली. डॉक्टरसाहेब त्या दिवशी रजेवर होते. शाळेतून चिठ्ठी आली होती, मुलगी लक्ष देत नाही, कान दाखवून घ्या. मी पिहूला कॅबिनमध्ये बसवलं. दोन वेण्या, पाय खुर्चीवरून लोंबकळणारे. बसल्या बसल्या तिनं मान उजवीकडे वळवली आणि तसबिरीकडे पाहू लागली. प्रत्येक सुराला दिवा लागला, अगदी बारीक सुरांनाही. इतकी शहाणी मुलगी मी त्या महिन्यात पाहिली नव्हती. कागद नॉर्मल आला. डॉक्टरसाहेबांना येत्या आठवड्यात दाखवा, असं सांगून मी तो गजाननभाऊंच्या हातात दिला. ते आले नाहीत, आणि मीही फोन केला नाही. मागच्याच गल्लीत घर होतं, फोनसुद्धा नको होता.

संक्रांतीला वनिताकडे हळदीकुंकू होतं. मी गेले आणि उंबऱ्यातच थबकले. टीव्हीचा आवाज इतका मोठा की खिडकीचं तावदान थरथरत होतं. त्यावरून वनिता स्वयंपाकघरातून ओरडत होती आणि गजाननभाऊ अंगणातून उलट ओरडत होते. भांडण चाललंय असं वाटून मी परत फिरणार होते. पण भांडण नव्हतंच, तिळगुळाचा डबा कुठे ठेवला एवढंच ते बोलत होते. वनिता मला पाहून ओशाळली. म्हणाली, "आमच्या घरी असंच आहे काकू. यायले हळू बोललेलं ऐकूच येत नाही. मलेबी आता तशीच सवय लागली."

बायका वाण घेऊन गेल्या तरी मी बसून राहिले. पिहू टीव्हीला नाक लावून बसली होती. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ती टक लावून पाहायची, तोंड वळलं की तिची नजर विझून जायची. मी उठून तिच्या मागे गेले, टीव्ही बंद केला आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "पिहू, अजून एक लाडू घेते का?" तिनं वळून पाहिलं नाही. ज्या लेकराला लाडू ऐकू येत नाही त्याला बाकीचं काय ऐकू येणार?

घरी सगळं ऐकू येतं, हे वनिता खोटं बोललीच नव्हती. त्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. दुसऱ्या कुठल्याही घरात आईला आठ दिवसांत कळलं असतं, इथे मिलच्या आवाजानं गेलेल्या बापाच्या कानानं लेकीचा कान झाकून टाकला होता. पण मग माझा कागद? तो कसा नॉर्मल आला? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

त्यात वनितानं डोळ्यांना पदर लावून पुढचं सांगितलं. शाळेनं माझा कागद पाहिला आणि म्हटलं, कान चांगले आहेत, म्हणजे डोकंच कमी आहे. तिला परत दुसरीत बसवा नाहीतर दुसरी शाळा पहा. गजाननभाऊंनी ठरवलं होतं की एप्रिलमध्ये पिहूला तुमसरला भावाकडे नेऊन सोडायचं, तिथल्या मराठी शाळेत. "ते म्हणते, इथलं हिंदी-इंग्रजी तिच्या डोक्यात घुसत नाही. पण काकू, सात वर्षांचं लेकरू माह्यापाशी नाही राहिलं त मी इथे काय करू?"

मी पिहूला समोर बसवलं, तोंड तिच्या तोंडासमोर आणलं आणि विचारलं, माझ्या मशीनमध्ये तुला आवाज ऐकू आले होते का? ती खुश झाली. चांगला खेळ झाला होता तिचा.

"आवाज नाही आया. पप्पाने बताया था ना, फोटोत पाहायचं. फोटोच्या काचेत आजीचा हात दिसते. हात खाली गेला का बटन दबाना."

मी दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी जाऊन स्वतः कॅबिनमध्ये बसले आणि झाडूवाल्या बाईला मशीनपाशी बसवलं. उजवीकडे पाहिलं. आत अंधूक, बाहेर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. कानाच्या लालगुलाबी चित्रावर तिचा हात आरशात दिसावा तसा दिसत होता, बांगड्यांसकट. मिलवाल्यांची ती सगळी उत्सुकता मला आठवली आणि माझे कान तापले. किती वर्षं, किती माणसं. जुने लोक नव्या पोरांना सांगत असणार, घाबरू नको, सिस्टरच्या फोटोत पाहा. नोकरीत चुका होतात, पण ही मी खिळा ठोकून, काच पुसून, रोज ताजी ठेवलेली चूक होती. तसबीर उतरवली. भिंतीवर खिळा तेवढा राहिला.

संध्याकाळी गजाननभाऊंना गाठलं. मी रागावूनच गेले होते. ते आधी हसले, म्हणाले, आम्ही सगळेच तसं करतो. मी म्हटलं, भाऊ, तुमचं तुम्ही पाहा, लेकराला कशाला शिकवलं? त्यांचं हसू गेलं. हातातला टॉवेल त्यांनी घडी घातला, उलगडला, परत घातला.

"परीक्षाच होती न काकू ते. शाळेत फेल होऊन राहिली, आता मशीनमंदीबी फेल झाली असती त पोट्टीचं मन तुटलं असतं. परीक्षा म्हटली का बापानं लेकराले पास नाही करायचं त काय करायचं?"

यावर मला रागावता आलं नाही. ज्या माणसाच्या आयुष्यात कानाची तपासणी ही फक्त नोकरी काढून घेण्यासाठीच झाली आहे, त्याला ती औषधासाठीही असते हे कोण सांगणार होतं? ते काम माझं होतं. मी फक्त हेडफोन लावत राहिले. मी एवढंच म्हटलं की उद्या तिला आणा आणि तुम्ही माझ्याजवळ बसा.

पिहू आली, खुर्चीवर चढली आणि मान उजवीकडे वळवली. तिथे खिळा होता. ती त्या खिळ्याकडेच पाहत राहिली, बटन अगदी तयारीत धरून. मी सूर सोडला. दिवा लागला नाही. सूर वाढवला. नाही. गजाननभाऊ माझ्या शेजारी स्टुलावर बसून दिव्याकडे पाहत होते. बऱ्याच मोठ्या सुराला एकदाचा दिवा लागला तेव्हा त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "एवढं कमी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही कानात बोटं घालून शाळेत बसलात तर जेवढं ऐकू येईल, तेवढंच. त्यांनी खरंच बोटं घातली आणि बराच वेळ काढली नाहीत.

डॉक्टरसाहेबांना मी आधीच सगळं कबूल केलं होतं. ते माझ्यावर ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पिहूच्या कानातलं पाणी चिकट झालं होतं. त्यांनी तीन महिने दिले. तोवर ओसरलं तर उत्तम, नाहीतर पडद्याला बारीकसं छिद्र पाडून नळी बसवायची. शाळेसाठी चिठ्ठी दिली. मुलगी मंद नाही, तिला पहिल्या बाकावर बसवा, तिच्याशी बोलताना तोंड तिच्याकडे ठेवा, फळ्याकडे वळून बोलू नका. तुमसरचा निर्णय तीन महिन्यांनी, असं गजाननभाऊ म्हणाले. त्यापलीकडे ते काही कबूल करेनात.

आणि डॉक्टरसाहेबांनी फुगा दिला. यासाठीचा फुगा वेगळा मिळतो, त्याला नाकपुडीत बसेल अशी गोल टोपी असते. एक नाकपुडी बोटानं दाबायची, दुसरीला ती टोपी लावायची, तोंड मिटायचं आणि नाकानं फुगा फुगवायचा. त्या जोरानं मिटलेली नळी उघडते आणि पडद्यामागे हवा शिरते. दिवसातून तीन वेळा, आणि सर्दी जोरात असली किंवा कान दुखत असला तर नाही. औषधाच्या चिठ्ठीवर फुगा लिहिलेला पाहून वनिताला वाटलं डॉक्टर गंमत करून राहिले. खरं सांगते, फुग्याचं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

पिहूला तो फुगेना. तिचे गाल फुगायचे, डोळे मोठे व्हायचे, नाकातून शेंबडाचा बुडबुडा यायचा आणि फुगा ढिम्म. चार दिवसांनी ती रडायला लागली. मग गजाननभाऊंनी स्वतःसाठी एक वेगळा फुगा आणला. ड्यूटीवरून आले की अंगणात बाप-लेक समोरासमोर बसायचे आणि नाकानं फुगे फुगवायचे. एवढा मिशीवाला माणूस नाकाला लाल फुगा लावून बसलेला पाहायला गल्लीतली लेकरं जमायची, आणि त्यांच्या आयाही निमित्त काढून यायच्या. मीही रोज जायचे. शिकवायला म्हणून जायचे, पण खरं तर मलाच पाहायचं असायचं की आज काय होतं. सहाव्या की सातव्या दिवशी पिहूचा फुगा लिंबाएवढा झाला. तिनं एकदम कानावर हात ठेवला.

"टक् झालं," ती म्हणाली. "कानात कुणी दरवाजा वाजवला."

बाकीचं मी घरात बसवून दिलं. टीव्हीचा आवाज अर्ध्यावर. पिहूशी बोलायचं तर आधी तिच्यासमोर यायचं, मग बोलायचं, दुसऱ्या खोलीतून हाक नाही. वनिताला हे पटकन जमलं. शाळेतल्या बाईही चांगल्या निघाल्या. चिठ्ठी वाचून त्या स्वतः मला भेटल्या आणि म्हणाल्या, मी तिला उगाच रागावत होते. फेब्रुवारीत सर्दीची एक फेरी झाली आणि सगळं परत मागे गेलं, फुगा आठ दिवस बंद. तेव्हा गजाननभाऊंनी भावाला फोन करून तुमसरच्या शाळेची चौकशी केली. वनितानं त्या दिवशी जेवण केलं नाही, हे मला शेजारणीकडून कळलं.

मधल्या काळात मी आणखी एक काम केलं. तसबिरीच्या काळातले जेवढे मिलवाले सापडले, त्यांना निरोप पाठवले की परत या, तपासणी पुन्हा करू, डॉक्टरसाहेब आधी तुमच्याशीच बोलतील. काही आले. कानात घालायच्या बुचांचं महत्त्व पटून काहींनी ती वापरायला घेतली. बरेच आले नाहीत. भिंतीवरचा फोटो काढून टाकला म्हणतात, मग कशाला जायचं, असं एकानं दुसऱ्याला सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. जे आले नाहीत त्यांची नावं अजून आठवतात. भिलाईच्या बाजारात त्यातला कुणी मोठ्यानं बोलताना दिसला की मी रस्ता बदलते.

एप्रिलमध्ये पिहूची तपासणी झाली. कॅबिनच्या भिंतीवर खिळा तसाच होता, पण या वेळी तिनं तिकडे पाहिलं नाही. डोळे मिटून बसली होती. सूर सोडला, दिवा. लहान केला, दिवा. आणखी लहान केला. उजव्या कानाचे सगळे सूर झाले, डावा एक-दोन पायऱ्या मागे होता, पण होता. वनिता माझ्या खांद्याला धरून उभी होती आणि दर दिव्याला तिची बोटं रुतत होती. डॉक्टरसाहेबांनी पडदे पाहिले आणि म्हणाले, नळीची गरज नाही, डाव्या कानासाठी फुगा आणखी महिनाभर चालू ठेवा.

गजाननभाऊ तेव्हा आपल्या नेहमीच्या आवाजात बोलू लागले, म्हणजे सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असे. पोट्टी कुठे जात नाही, इथेच शिकन, तिसरीत जाईन, भावाले आत्ताच फोन लावतो. बाकावरचे पेशंट वळून पाहत होते. पिहू त्यांच्या शेजारी उभी होती. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तिथूनच हळूच म्हणाली, "पप्पा, धीरे बोला ना. मले ऐकू येते आता."

ते बोलतच राहिले. त्यांना ऐकू आलंच नव्हतं. पिहूनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती चालत त्यांच्या समोर आली, त्यांचा शर्ट ओढून त्यांना खाली वाकवलं, आपलं तोंड त्यांच्या तोंडासमोर आणलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून तेच परत म्हटलं. गेले तीन महिने आम्ही सगळे तिच्याशी असंच बोलत होतो.

गजाननभाऊ गप्प झाले. ते आता मिलच्या लाइनवर नाहीत, वजनकाट्यावर बसतात. सुरुवातीला ते कुणाला सांगत नसत, आता सांगतात. पण त्या दिवशी हे काही ठरलेलं नव्हतं. त्यांनी फक्त मान वर केली आणि मला विचारलं, "काकू, आणखी एक नंबर लागते काय? मी बसतो." नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

ते आत खुर्चीवर बसले. मी हेडफोन लावला, बटन हातात दिलं, दार लावलं. पिहू माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली, हिरव्या दिव्याची आता तिला चांगली ओळख होती. मी सूर सोडला. दिवा लागला नाही. वाढवला. नाही. आणखी वाढवला. गजाननभाऊ समोरच्या भिंतीकडे पाहत बसले होते, उजवीकडे न वळता.

"आजी, पप्पा बटन कावून नाही दाबून राहिले?" पिहूनं विचारलं. तिनं एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि मग ती पटकन खिडकीपाशी गेली. काचेच्या कडेशी, जिथून त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिसेल अशा जागी, तिनं आपला हात वर केला. माझा पुढचा सूर सुटला की तो खाली आणायचा, हे तिला बापानंच शिकवलं होतं.

मी जाऊन तो हात वरच्या वर धरला. "नको बेटा," मी म्हटलं, "त्यांना त्यांचं ऐकू दे." ती समजली की नाही, माहीत नाही. तिचा हात माझ्या हातात तसाच ठेवून मी दुसऱ्या हातानं सूर आणखी एक पायरी वाढवला, आणि आम्ही दोघी दिव्याकडे पाहत राहिलो.